कोपर खांद्याच्या वर

माणसाचा खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा आहे, आणि मोकळ्या स्वभावाच्या माणसांसारखाच तो सगळ्यात लवकर दुखावतो. एरवी हे मी पुस्तकात वाचून विसरून गेलो असतो. पण त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या घरातले दोन खांदे एकापाठोपाठ कामातून गेले. पहिला माझ्या आत्याचा, दुसरा माझा. आत्याचा कसा गेला हे सांगायला तिनं बंदी घातली आहे. ("पडले म्हणजे पडले. त्यात गोष्ट कसली?") माझा गेला तो व्हिडिओ गेममध्ये टेनिस खेळून. हे वाक्य मी दवाखान्यात, ऑफिसात आणि इमारतीच्या समितीसमोर पूर्ण गांभीर्यानं उच्चारलं आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही गंभीर राहता आलेलं नाही. वाचणाऱ्यांनी तरी राहावं, एवढीच विनंती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होती, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे असते. इमारतीत सगळे तिला 'बाई'च म्हणतात. तिच्यासमोर बाबा अजूनही पोक काढून बसत नाहीत. प्लास्टर निघालं तेव्हा तिचा उजवा हात छातीच्या वर जाईना. फिजिओथेरपिस्ट तरुण होता, आणि भला होता.

"भिंतीवर बोटांनी चढत जायचं, बाई. रोज थोडं थोडं वर."

"भिंतीवर चढायचं? मी काय पाल आहे?"

"अगदी बरोबर! पालीसारखंच!" तो आनंदानं म्हणाला.

या प्रामाणिकपणाची किंमत आम्हाला मोजावी लागली. आत्या घरी आली, भिंतीकडे एकवार बघितलं आणि त्यानंतर तिनं भिंतीला पाठ टेकून बसणंसुद्धा सोडलं.

खरा प्रश्न केसांचा होता. आत्याचे केस कंबरेपर्यंत. आयुष्यभर ती अंबाडा बांधत आली. मैदानावर कितीही वारा सुटला तरी त्यातली एक बट हलायची नाही. आता हात मागे जात नव्हता, म्हणून अंबाडा आई बांधायची. आईला रुग्णालयातल्या नोंदणीच्या खिडकीवर वेळेत पोचायचं असायचं, त्यामुळे तिचा हात घाईचा. आत्याची मान फणीबरोबर मागे जायची, पण तोंडातून ब्र निघायचा नाही. एकदा बाबांनी प्रयत्न केला. तो अंबाडा पिळून ठेवलेल्या ओल्या टॉवेलसारखा दिसत होता. मग मी हात घातला. अंबाडा हा मुळात घर्षणाचा प्रश्न आहे, अशी माझी खात्री होती. माझा अंबाडा आत्याला शिंक येईपर्यंत टिकला.

एका सकाळी आत्यानं आईच्या हातातून फणी काढून घेतली. "महिनाअखेरच्या रविवारी त्या पार्लरवालीला घरी बोलाव. कापून टाकू."

"अहो ताई, असं काय बोलता?" आई म्हणाली. सूर अगदी योग्य होता. मात्र तिनं पिना डबीत टाकल्या त्या जरा लगबगीनं.

मी निघताना आत्याच्या खोलीवरून गेलो. ती आरशासमोर उभी होती. उजवा हात वर नेत होती, आणि तो कानाशी पोचून थांबत होता. डाव्या हातानं तिनं उजव्या कोपराला खालून रेटा दिला. तरी कानच. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरींना 'अजून वर, अजून वर' म्हणून ओरडलेल्या बाईचा चेहरा त्या आरशात होता. मग तिला मी दिसलो.

"काय बघतोस? कामाला जा."

मी कामाला गेलो. पण डोक्यात तो हात अडकून बसला. केसांबद्दल मला व्यक्तिशः मत नाही. ते मृत पेशींचे दोरे आहेत. पण कापायचे तर ते आत्यानं कापावेत, तिच्या खांद्यानं नव्हे, असं मला फार वाटलं.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथल्या एका सहकाऱ्यानं हालचालींवर चालणारा व्हिडिओ गेम घेऊन, हौस फिटली म्हणून कपाटावर टाकला होता. हातात एक कांडी धरायची, ती रॅकेटसारखी फिरवायची आणि पडद्यावरचा माणूस टेनिस खेळतो. मी विचार केला, तो असा: टेनिसची सर्व्हिस करताना कोपर खांद्याच्या वर जातं आणि हात डोक्यामागे वळतो. अंबाडा बांधतानाही नेमकं तेच होतं. आत्या व्यायाम करणार नाही, पण सुरू झालेला खेळ तिनं जन्मात अर्धवट सोडलेला नाही. म्हणजे औषध आणि रोगी दोन्ही हाताशी होते. सहकाऱ्यानं डबा देताना विचारलं, "घरी कोण खेळणार?" मी आत्या म्हणालो. त्यानं खोक्यात एक मलमाची ट्यूबही टाकली. तो विनोद असावा असं मला तेव्हा वाटलं.

खेळायला जागा लागते. बाबा म्हणाले, सोफा तेवढा स्वयंपाकघरात सरकवू. सोफा दारापर्यंत गेला आणि दारात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात जायचं तर सोफ्यावर चढून पलीकडे उतरावं लागे. आई ताटं सोफ्यावरून द्यायची, आणि देताना माझ्याकडे बघायची. समोरच्या काकू आवाज ऐकून आल्या आणि त्यांच्या बहिणीच्या दिरानं हातातून सुटलेल्या कांडीनं टीव्ही कसा फोडला ते सांगून गेल्या. जाताना म्हणाल्या, "टीव्हीसमोर गादी उभी करा." गादी उभी केली तर टीव्ही दिसत नाही, असं मी म्हणालो. "फुटण्यापेक्षा न दिसलेला बरा," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी आत्या खुर्ची घेऊन बसली.

"चेंडू कुठाय?"

"चेंडू पडद्यावर असतो, आत्या."

"जाळी?"

"तीही पडद्यावर."

"समोरचा खेळाडू?"

"तोसुद्धा."

"मग तू तरी इथे कशाला?"

इथे मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. झालं असं की डबा आणल्या दिवशीच मी त्या कांडीचा अभ्यास केला होता. तिच्या आत एक छोटा तुकडा असतो, आणि त्याला फक्त झटका कळतो. माणूस उभा आहे की लोळतो आहे, खांदा फिरला की नाही, त्याला काही पत्ता नसतो. मनगटाला एक टिचकी दिली की पडद्यावरचा माणूस जिवाच्या आकांतानं सर्व्हिस करतो. हे आत्याला कळलं तर ती खुर्चीत बसून मनगट झटकेल आणि खांदा होता तिथेच राहील. म्हणून मी म्हणालो, "याला सगळं दिसतं, आत्या. खांदा, कोपर, पाय कसे टाकले तेसुद्धा. एवढीशी चूक झाली तरी चेंडू जाळीत."

आत्याच्या डोळ्यात चमक आली. "म्हणजे पंच कडक आहे."

"फार कडक."

"मग आधी तू खेळ. मी बघते."

हे माझ्या योजनेत नव्हतं. पण आत्याचं म्हणणंही रास्त होतं: पद्धत बघितल्याशिवाय ती कुठलाही खेळ शिकत नाही. तिनं आधी मला जागच्या जागी धावायला लावलं. मग कंबर, मान, घोटे. मग "आता खेळ." आणि मी खेळलो. यंत्राला सगळं दिसतं म्हटल्यावर मला मनगटानं खेळून चालणार नव्हतं. मी गुडघे वाकवले, टाचा उचलल्या, अख्खा हात खांद्यापासून फिरवला. समोर चेंडू नसला की हाताला अडवणारं काही नसतं. जोर जातो तो जातो आणि शेवटी खांद्यालाच येऊन धडकतो. खरं टेनिस यापेक्षा दयाळू असावं.

"कोपर खाली!" आत्या ओरडायची. "कोपर खांद्याच्या वर! हात आहे की दुधी? पुन्हा!"

"आत्या, पॉइंट मिळाला ना!"

"मिळाला असेल. चुकून मिळाला. पुन्हा."

दुसऱ्या सकाळी मी दात घासायला गेलो आणि हात तोंडापर्यंत येईना. शेवटी ब्रश एका जागी धरून मी तोंड डावीउजवीकडे फिरवलं. शर्ट घालणं हा वेगळा प्रकल्प झाला. पण आत्या माझ्याआधी तयार होती. "आजही खेळायचं ना? तुझा बॅकहँड बघवत नाही." मी हो म्हणालो. नाही म्हणून करतो काय? ती अजून कांडीला हातही लावत नव्हती, पण रोज खुर्ची जराशी पुढे ओढत होती. मला वाटलं, उद्या उठेल. मी रोज 'उद्या उठेल' म्हणून खेळत राहिलो, आणि माझा खांदा रोज थोडा थोडा मला सोडून जात राहिला.

प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, हे मोजणं. काचेची एक लांब नळी स्टँडला उभी लावतात, तिच्या वरच्या तोंडातून द्रावण ओततात आणि खालून थेंब थेंब सोडत पाण्याचा रंग बदलायची वाट बघतात. थेंब हा इथे सगळ्या सृष्टीचा आधार आहे. आणि नळीचं तोंड असतं डोक्याच्या उंचीवर. माझा हात तिथवर जाईना, म्हणून मी स्टँड जमिनीवर ठेवलं आणि गुडघ्यांवर बसून काम करू लागलो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या तेव्हा मी त्या नळीसमोर नतमस्तक होतो.

"हे काय चाललंय?"

"टायट्रेशन, मॅडम."

"ते दिसतंय. नवस बोललायस का?"

तेवढ्यात माझ्या हातून नळीची तोटी जास्त फिरली, नको तेवढं द्रावण पडलं आणि पाण्याचा लालसर जांभळा रंग थेंबाथेंबानं बदलायच्या ऐवजी एका फटक्यात निळाशार झाला. मॅडमनी मला काही दिवस हलकं काम द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी आस्थापना विभागाकडे पाठवलं. तिथल्या कारकुनानं अर्ज पुढे केला.

"इजा कशानं?"

"टेनिस."

"कुठे?"

"घरी."

त्यानं पेन थांबवलं. "मोठं घर दिसतंय."

मी समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "खेळताना इजा म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं नाव लागतं. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो."

"प्रतिस्पर्धी नव्हता. पडद्यावर होता."

"पडद्यावरच्या माणसाचं नातं काय?"

शेवटी मी आत्या लिहिलं. त्या दिवसापासून ऑफिसात असं मानलं जातं की मला माझ्या आत्यानं मारलं. दोघातिघांनी मला बाजूला घेऊन, काही मदत हवी का, असंही विचारलं.

घरी आलो तर सेक्रेटरी बसलेले. इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी आमच्या बरोबर खाली राहतात. वजनदार गृहस्थ. पदानं आहेत, आणि तसेही आहेत. गुडघे दुखतात म्हणून ते सहसा उभे राहत नाहीत. सभेतही बसूनच ओरडतात.

"बाई, छत हलतं आमचं. पंख्याची पाती वाजतात. समितीकडे तक्रार आली आहे."

"कोणाची?" आत्यानं विचारलं.

"माझी."

"आणि समितीत कोण आहे?"

"मीच. पण नियम म्हणजे नियम."

आत्या नियमाला मान देते. तिनं मला सांगितलं, "सेक्रेटरींना दाखव, काय चालतं ते. बघू दे त्यांना आपण नाचत नाही म्हणून." मी हुंदक्यासारखा श्वास घेतला आणि खेळायला उभा राहिलो. दोन खेळाडूंचा खेळ लावला. डब्यातली दुसरी कांडी सेक्रेटरींच्या हातात दिली. ते खुर्चीतच होते. मी वाकलो, टाचा उचलल्या, हात मागे नेला, पुढे आणला. सेक्रेटरींनी पोटावर ठेवलेला हात तसाच ठेवून, माशी उडवावी तसं मनगट उडवलं.

पॉइंट त्यांचा.

मी धावलो. त्यांनी माशी उडवली. मी लोळण घेतली. त्यांनी दुसरी माशी उडवली. "सोपा आहे की हो," ते म्हणाले. "यात घाम कसला येतो तुम्हाला?" सामना संपला तेव्हा पडद्यावर त्यांच्या नावानं टाळ्या वाजत होत्या, मी जमिनीवर होतो आणि आत्या माझ्याकडे बघत होती. खेळाच्या बाईंची ती नजर मी आजवर फक्त ऐकून होतो.

सेक्रेटरी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ती थांबली. मग दार लावलं.

"तुला माहीत होतं? याला काही दिसत नाही म्हणून?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रोज इथे धोब्याच्या धोपाटण्यासारखा हात आपटत होतास?" ती थांबली. "शास्त्रज्ञ! मूर्ख आहेस की काय तू?"

"तुला कळलं असतं तर तू मनगटानं खेळली असतीस," मी म्हणालो. "आणि खांदा तसाच राहिला असता. आणि मग त्या रविवारी..."

आत्या वळून खोलीत गेली. आई सोफ्याच्या पलीकडून सगळं ऐकत होती. तिनं ताट पुढे केलं ते पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता.

माझी ती संध्याकाळ फार वाईट गेली. खोटं उघडं पडण्यापेक्षा वाईट गोष्ट एकच असते, ती म्हणजे आपलं खोटं निष्फळ ठरणं. फिजिओथेरपिस्टकडे मला दुसऱ्या दिवशी जावंच लागलं. त्यानं माझा हात वर केला, मी ओरडलो, त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला भिंतीजवळ नेलं. "बोटांनी चढत जायचं," तो म्हणाला, आणि अनुभवानं शहाणा झाल्यामुळे कुठल्याच प्राण्याचं नाव घेतलं नाही.

घरी आलो तर टीव्ही चालू होता. आत्या त्याच्यासमोर उभी होती. पाय योग्य अंतरावर, पदर खोचलेला, उजव्या हातात कांडी.

"हे चालू कसं करायचं सांग. आणि तू बस. तुझं काम संपलं."

"आत्या, पण याला दिसत नाही. उगाच कशाला..."

"त्याला दिसत नसेल," ती म्हणाली. "मला दिसतं."

तिनं नियम केला: कोपर खांद्याच्या वर गेलं तरच पॉइंट. पंच ती स्वतः. आता इथे पदार्थविज्ञानाची एक अडचण होती. दुखरा हात सावकाशच वर जातो, आणि त्या तुकड्याला सावकाश काही कळतच नाही. त्याला झटका लागतो. त्यामुळे आत्या दात आवळून, कपाळावर घाम येईस्तोवर हात वर न्यायची, आणि पडद्यावरचा माणूस हात खाली सोडून ढिम्म उभा. चेंडू त्याच्या शेजारून जायचा. यंत्र म्हणायचं, पॉइंट समोरच्याचा. आत्या म्हणायची, "माझा." आणि पुढचा चेंडू. ती रोज यंत्राच्या हिशेबानं दणकून हरत होती आणि खोलीतून बाहेर पडताना जिंकलेली असायची.

खाली शांतता पसरल्यामुळे सेक्रेटरींना चैन पडेना. ते चौकशीला आले. आत्यानं त्यांना कांडी दिली. त्यांनी बसल्या जागी माशी उडवली.

"बाद," आत्या म्हणाली.

"बाद काय, बाई? पडद्यावर बघा. टाळ्या वाजतायत."

"टाळ्या कोणीही वाजवेल. कोपर कुठे होतं तुमचं?"

"कोपर होतं की. हे काय इथे, माझ्यापाशीच!"

"पोटावर होतं. बाद. उभे राहा."

सेक्रेटरी समितीत कोणाचंही ऐकत नाहीत. ते उभे राहिले. पडले असते, पण बाबांनी खुर्ची धरली होती. मग रोज संध्याकाळी ते येऊ लागले. "तक्रारीची पाहणी" असं कारण सांगायचे. दोघं शेजारी उभे राहून हळूहळू हात वर न्यायचे, पडद्यावरची दोन माणसं मख्खासारखी उभी, आणि मधल्या मधे भांडण.

"वर गेलं होतं कोपर, बाई! शपथ घेऊन सांगतो."

"बोटभर खाली होतं. मी मुलींना यासाठी मैदानाला फेरी मारायला लावायचे."

"मी काय तुमच्या शाळेतली मुलगी आहे?"

"असतात तर सुधारला असतात."

सेक्रेटरी चिडून एकदा असा काही पाय आपटून गेले की त्यांच्याही खालच्या मजल्यावरून तक्रार आली. ती त्यांनी समितीचा सेक्रेटरी म्हणून स्वीकारली, वरच्या घराचा मालक म्हणून फेटाळली आणि घोंगडं भिजत ठेवलं. समोरच्या काकू तेलाची बाटली घेऊन आल्या, मग बसू लागल्या, मग गुण मोजू लागल्या. मी भिंतीशी उभा राहून बोटं चढवत असायचो. माझ्याकडे कोणी बघत नसे. ज्यानं खांदा दिला त्याला असं विसरलं जाणं कठीण असतं, पण मी त्या दिवसांत आत्याच्या हाताकडे बघत होतो. तो आधी कानाच्या वर गेला. मग डोक्यावर टेकला. डोक्यावरून मागे मात्र जाईना. तिथे तो अडायचा आणि आत्या डोळे मिटून तो तसाच धरून ठेवायची. सेक्रेटरीसुद्धा तेवढा वेळ भांडायचे नाहीत.

शनिवारी तो मागे गेला नाही. मी बघितलं होतं. खेळून झाल्यावर आत्यानं कांडी टेबलावर ठेवली आणि ती आत गेली. आईनं मला हळूच विचारलं, "उद्या त्या पार्लरवालीला नको म्हणू का?" आत्याला विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. त्यामुळे कोणीच नको म्हणालं नाही, आणि रविवारी सकाळी पार्लरवाली तिची पेटी घेऊन दारात हजर झाली.

आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत उगाचच कामं करत होतो. बाबा कालचं वर्तमानपत्र वाचत होते. तेवढ्यात आत्या बाहेर आली.

अंबाडा बांधलेला होता.

थोडा डावीकडे झुकलेला होता. एक पीन अर्धी बाहेर होती, मानेवर दोन बटा सुटलेल्या. आईनं तो बांधला नव्हता; आई माझ्या शेजारी उभी होती. बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. आत्या नुसती उभी राहिली. डाव्या हातानं उजवा खांदा चोळत होती. बहुधा पहाटेपासून लागली असावी.

आईला एकदम कंठ फुटला. ती पार्लरवालीकडे वळली. "अहो, माफ करा हं, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. आता गरज नाही. चहा घेऊन जा."

"थांब," आत्या म्हणाली. खुर्ची ओढून ती बसली. "कापायचेत."

"ताई! अहो, बांधता येतो की आता!"

"येतो ना. म्हणूनच."

माझा तोल गेला. तो जायला मला पूर्ण अधिकार होता असं मी अजूनही म्हणेन. "आत्या, मी गुडघ्यांवर बसून टायट्रेशन केलं. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, तू मला मारतेस. माझा हात अजून फळीपर्यंत जात नाही. आणि तू कापणार?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. नजर पंचाची नव्हती.

"महिन्यापूर्वी कापले असते तर या हातानं कापायला लावले असते," ती म्हणाली. "आज मी कापतेय. कळलं का? नसेल कळलं तर राहू दे. मान दुखते रे मला यांच्या ओझ्यानं. कितीतरी वर्षं दुखते."

हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनासुद्धा नाही; त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

पार्लरवालीनं अंबाडा सोडायला हात पुढे केला. आत्या म्हणाली, "राहू दे, मी काढते." हात वर गेला. कानापाशी गेला, डोक्यावर गेला, तिथे थोडा अडला. मग तो मागे उतरला आणि तिनं एकेक पीन ओढून काढली. केस पाठीवर पडले. कात्री चालू लागली. महिनाभर या दिवसाची मनातल्या मनात वाट बघणारी आई सोफ्यावर बसली आणि रडू लागली. बाबा तिला रुमाल द्यायला गेले आणि स्वतःच वापरून बसले.

झाल्यावर पार्लरवालीनं आरसा दाखवायला वर केला. आत्यानं तो घेतला नाही. तिनं उजवा हात सावकाश मागे नेला आणि उघड्या मानेवर तळवा ठेवला. किती तरी वेळ ठेवला.

"गार लागतंय," ती म्हणाली.